नेमसर्व्हरने कोणाला उत्तर द्यावे: एका महाविद्यालयासाठी लिनक्सवर डीएनएसची उभारणी आणि सुरक्षा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका महाविद्यालयाकडे स्वतःचे ‘डॉट इन’ डोमेन आहे, डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला एक आभासी सर्व्हर आहे आणि आवारातील काही शे संगणकांसाठी एक स्थानिक सर्व्हर आहे. दोन्हींवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. त्यांवर बाईंड हा डीएनएसचा (नावांवरून पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेचा) प्रोग्रॅम बसवून डोमेनचे रेकॉर्ड, म्हणजे नाव-पत्त्यांच्या नोंदी, बाहेरच्या जगाला द्यायचे आहेत आणि आवारातील संगणकांसाठी नावे शोधण्याचे कामही त्याच व्यवस्थेकडून करून घ्यायचे आहे. ही व्यवस्था कशी उभारावी आणि सुरक्षित कशी ठेवावी?

माझे पहिले सांगणे असे की ही दोन कामे एकाच प्रोग्रॅमकडे आणि एकाच पत्त्यावर ठेवू नयेत. डीएनएसच्या सुरक्षेतील बहुतेक निर्णय ‘या सर्व्हरने कोणाला आणि कोणत्या नावांबद्दल उत्तर द्यायचे’ या एका प्रश्नातून निघतात. अधिकृत नेमसर्व्हर जगातील कोणालाही उत्तर देतो, परंतु केवळ आपल्या डोमेनबद्दल. रिझॉल्व्हर जगातील कोणत्याही नावाबद्दल उत्तर देतो, परंतु केवळ आपल्या माणसांना. या दोन व्याख्या एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत, आणि दोन्ही एकाच ठिकाणी लिहिताना एखादा निर्बंध सैल राहतो, तेव्हाच ‘कोणत्याही नावाबद्दल कोणालाही उत्तर देणारा’ सर्व्हर तयार होतो. त्याला उघडा रिझॉल्व्हर म्हणतात.

उघडा रिझॉल्व्हर प्रथम इतरांच्या हानीचे साधन होतो आणि नंतर आपल्या. डीएनएसचे प्रश्न मुख्यतः यूडीपीवरून, म्हणजे आधी जोडणी न करता पॅकेट पाठवण्याच्या पद्धतीने, जातात आणि यूडीपीमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. साठ-सत्तर बाइटचा प्रश्न पीडिताच्या पत्त्याने पाठवला, की तीन हजार बाइटपर्यंत जाणारे उत्तर पीडिताकडे जाऊन आदळते. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहॉस या संस्थेवर झालेला मोठा हल्ला अशाच हजारो उघड्या रिझॉल्व्हरच्या बळावर झाला होता. त्या रिझॉल्व्हरच्या चालकांपैकी बहुतेकांना आपले यंत्र यात सामील आहे याची कल्पनाही नसणार. बाईंडच्या नव्या आवृत्त्या रिकर्शन (परक्या नावांचा शोध घेऊन उत्तर देणे) मुळातच स्थानिक जाळ्यापुरते मर्यादित ठेवतात, तरीही जुन्या फाइलींतून उचललेली ‘अलाऊ-रिकर्शन एनी’ ही ओळ आजही अनेक सर्व्हरवर दिसते. आपली फाइल कुठून नकलून घेतली असेल, तर ही ओळ प्रथम शोधावी.

म्हणून मांडणी अशी ठेवावी: भाड्याच्या सर्व्हरवर बाईंड, केवळ अधिकृत भूमिकेत, आवारातील सर्व्हरवर अनबाउंड हा प्रोग्रॅम, केवळ रिझॉल्व्हरच्या भूमिकेत. अधिकृत भूमिकेसाठी एनएसडी आणि नॉट हे आटोपशीर पर्याय आहेत आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी एनएसडी सुचवले असते. परंतु आपल्या कर्मचाऱ्यांना बाईंडची सवय असल्यास तो बदलण्याचे कारण नाही. रात्री अकराला बिघाड झाल्यावर जो प्रोग्रॅम हाताळता येतो, तोच त्या संस्थेसाठी योग्य असतो.

डेबियनवर बाईंड बसवल्यावर त्याची मांडणी ईटीसी निर्देशिकेतील ‘बाईंड’ या फोल्डरमध्ये असते. सर्वसाधारण निवडी ‘नेम्ड डॉट कॉन्फ डॉट ऑप्शन्स’ या फाइलमध्ये आणि आपले झोन (डोमेनच्या सर्व नोंदींचे संच) ‘नेम्ड डॉट कॉन्फ डॉट लोकल’ मध्ये लिहावेत. ऑप्शन्समध्ये ‘रिकर्शन नो’ लिहावे, ‘अलाऊ-क्वेरी-कॅश’ ला ‘नन’ (कोणालाही नाही) द्यावे, ‘अलाऊ-ट्रान्सफर’ ला ‘नन’ द्यावे आणि ‘मिनिमल-रिस्पॉन्सेस’ ला ‘येस’ द्यावे. यांतील ट्रान्सफरची ओळ विशेष महत्त्वाची आहे. डेबियन १२ मध्ये येणाऱ्या बाईंड ९.१८ मध्ये ही ओळ लिहिलेली नसल्यास संपूर्ण झोनची नक्कल कोणालाही मागता येते. ९.२० पासून मूळ निवड बदलून बंद करण्यात आली. झोनमधील नावे गुप्त नसतात हे खरे, तरीही चाचणी सर्व्हर, जुना ईआरपी आणि बॅकअपची यंत्रे यांची तयार यादी अनोळखी माणसाच्या हाती देण्याचे काहीच कारण नाही. आवृत्तीचा क्रमांक लपवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. तो पाळण्यात हानी नाही, पण त्याने सुरक्षा वाढते असे समजू नये, कारण हल्ला करणारे स्वयंचलित प्रोग्रॅम आवृत्ती विचारत बसत नाहीत.

झोन फाइल लिहिताना सर्वाधिक वेळ पूर्णविराम (टिंब) आणि सिरियल (झोनचा आवृत्ती क्रमांक) या दोन गोष्टींत जातो. नावाच्या शेवटी टिंब नसल्यास बाईंड त्यापुढे झोनचे नाव जोडतो. त्यामुळे ‘मेल.संस्था.इन’ असे टिंबाविना लिहिलेले नाव ‘मेल.संस्था.इन.संस्था.इन’ होते आणि ई-मेल बंद पडते. सिरियल वर्ष, महिना, दिवस आणि दोन अंकी क्रम अशा स्वरूपात, म्हणजे २०२५०६१४०१ असे लिहिण्याची पद्धत उत्तम आहे, कारण शेवटचा बदल कधी झाला हे फाइल उघडताच कळते. सिरियल न वाढवता झोन पुन्हा वाचायला लावल्यास मुख्य सर्व्हर नवे उत्तर देतो आणि दुय्यम (मुख्याकडून झोनची नक्कल घेणारा) जुनेच देत राहतो. ‘काही जणांना संकेतस्थळ दिसते, काहींना नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. एसओए या, झोनच्या सुरुवातीला असणाऱ्या, रेकॉर्डमधील शेवटचा आकडा ‘नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तर किती काळ लक्षात ठेवायचे ते ठरवतो. १९९८ च्या आरएफसी २३०८ (इंटरनेटचा एक मानक दस्तऐवज) पासून त्याचा हाच अर्थ निश्चित झाला आहे. तो एक दिवस ठेवला, तर नवे नाव जोडण्यापूर्वी कोणी एकदा जरी ते शोधले असेल, तरी त्याच्या रिझॉल्व्हरला ते दिवसभरही न सापडण्याची शक्यता असते. पाच मिनिटे ते एक तास हा आवाका पुरेसा आहे. प्रत्येक बदलानंतर आणि सर्व्हरला फाइल वाचायला लावण्यापूर्वी ‘नेम्ड-चेककॉन्फ’ आणि ‘नेम्ड-चेकझोन’ चालवावे. ही सवय जडली, की अर्ध्या चुका जगापर्यंत पोहोचतच नाहीत.

ज्या संस्थांनी ‘डॉट भारत’ खालचे देवनागरी डोमेनही घेतले आहे, त्यांनी लक्षात ठेवावे की झोन फाइलमध्ये देवनागरी अक्षरे लिहायची नसतात. त्या नावाचे प्युनिकोड (इंग्रजी अक्षर-अंकांतील) रूप लिहावे लागते, आणि ते हाताने न बनवता साधनाकडून रूपांतरित करून घ्यावे, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने पूर्णपणे वेगळे रूप तयार होते.

एकच अधिकृत सर्व्हर पुरत नाही. किमान दोन हवेत आणि ते वेगवेगळ्या जाळ्यांत हवेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे अधिकृत नेमसर्व्हर सुस्थितीत होते. परंतु त्यांच्याकडे जाणारे सर्व मार्ग एकाच वेळी मागे घेतले गेले, आणि सुमारे सहा तास ती नावे जगाला सापडली नाहीत. महाविद्यालयाने दुसरा सर्व्हर दुसऱ्या पुरवठादाराकडे, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवावा. आवारातील यंत्र यासाठी वापरू नये. वीज आणि जोडणी या दोन्हींची खात्री तिथे कमी असते आणि ते यंत्र आपण रिझॉल्व्हरसाठी राखले आहे. मुख्य सर्व्हरकडून दुय्यमाकडे झोन नेताना केवळ आयपी पत्त्यावर विश्वास ठेवू नये. ‘टीसिग-कीजेन’ ही आज्ञा एचमॅक-शा२५६ प्रकारची सामायिक किल्ली तयार करते. ती दोन्हींकडे ठेवून ‘अलाऊ-ट्रान्सफर’ मध्ये त्या किल्लीचे नाव द्यावे. किल्लीच्या फाइलची मालकी रूटकडे, वाचनाचा हक्क केवळ ‘बाईंड’ गटाला आणि बाकी कोणालाही काही नाही अशी परवानगी ठेवावी. टीसिगमध्ये, म्हणजे या किल्लीने केलेल्या सहीत, वेळेचाही शिक्का असतो आणि दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की हस्तांतर नाकारले जाते. म्हणून दोन्ही यंत्रांवर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम बसवलेला हवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांमध्येही घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याची अट आहे, त्यामुळे तेच स्रोत वापरणे सोयीचे ठरते.

अधिकृत सर्व्हरने रिकर्शन नाकारले तरी त्याच्या स्वतःच्या उत्तरांचा वापर करून इतरांवर मारा होऊ शकतो, विशेषतः झोन डीएनएसएसईसीने (उत्तर खरे असल्याची डिजिटल सही जोडण्याच्या पद्धतीने) सही केलेला असेल आणि उत्तरे मोठी झाली असतील तेव्हा. त्यासाठी बाईंडमधील ‘रेट-लिमिट’ हा भाग वापरावा. एकाच जाळ्याला तेच उत्तर सेकंदाला दहा-पंधरा वेळांपेक्षा अधिक द्यायचे नाही, एवढी मर्यादा लहान संस्थेला पुरते. ‘स्लिप’ हा आकडा २ ठेवल्यास मर्यादेबाहेरच्या दर दुसऱ्या प्रश्नाला ‘टीसीपीवरून या’ असे छोटे उत्तर जाते. खरा विचारणारा टीसीपीने, म्हणजे आधी जोडणी पक्की करणाऱ्या पद्धतीने, परत येतो आणि खोट्या पत्त्यामागचा हल्लेखोर तसे करू शकत नाही. सुरुवातीचे काही दिवस ‘लॉग-ओन्ली येस’ ठेवून कोण अडले असते ते पाहावे आणि मग मर्यादा खरोखर लागू करावी.

यावरून फायरवॉलचा मुद्दा स्पष्ट होतो: पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी या दोन्हींवर उघडे हवे. ‘टीसीपी केवळ झोन हस्तांतरासाठी असते’ हा समज चुकीचा असूनही फार पसरलेला आहे. मोठी उत्तरे टीसीपीनेच जातात आणि २०१६ च्या आरएफसी ७७६६ नुसार टीसीपीला पाठबळ देणे बंधनकारक आहे. २०२० पासून यूडीपी उत्तराची कमाल लांबी १२३२ बाइट ठेवण्याची शिफारस आहे. आयपीव्ही६ मध्ये १२८० बाइटचे पॅकेट कुठेही न तुटता जाईल याची हमी असते. त्यातून ४० बाइटचा आयपी शीर्षभाग आणि ८ बाइटचा यूडीपी शीर्षभाग वजा केला, की १२३२ उरतात. बाईंडला आज्ञा देणाऱ्या आरएनडीसीचे पोर्ट ९५३ मात्र केवळ १२७.०.०.१ या यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्यावर ऐकते ना, हे तपासून घ्यावे.

आता आवारातील रिझॉल्व्हरकडे वळू. अनबाउंडमध्ये ‘इंटरफेस’ या ओळीत आवाराच्या जाळ्यातील नेमका पत्ता लिहावा, आणि ‘अॅक्सेस-कंट्रोल’ मध्ये आपल्या जाळ्याची श्रेणी, उदाहरणार्थ १०.२०.०.०/१६, ‘अलाऊ’ करावी. बाकी सर्वांना तो आपोआप नकार देतो. ० चारदा लिहून सर्व पत्त्यांवर ऐकायला लावण्याचा मोह टाळावा. उबंटूवर तर त्याने लगेच अडचण येते, कारण तिथे सिस्टमडी-रिझॉल्व्हड हा प्रोग्रॅम १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ आधीच धरून बसलेला असतो.

रिझॉल्व्हरवरचा मुख्य धोका म्हणजे त्याने लक्षात ठेवलेल्या उत्तरांच्या साठ्यात खोटे उत्तर घुसवले जाणे. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिले, की प्रश्नाचा ओळख क्रमांक केवळ सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांचा असल्यामुळे तो अंदाजाने गाठून संपूर्ण डोमेन पळवता येते. त्या जुलैमध्ये अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा की प्रत्येक प्रश्न वेगळ्या, यादृच्छिक पोर्टवरून पाठवायचा, म्हणजे हल्लेखोराला ओळख क्रमांक आणि पोर्ट हे दोन आकडे एकदम ओळखावे लागतात. महाविद्यालयांच्या बाबतीत येथे एक अडथळा वारंवार दिसतो. रिझॉल्व्हर राउटरच्या नॅटमागे (आतील पत्त्यांऐवजी बाहेरचा पत्ता लावणाऱ्या व्यवस्थेमागे) असतो आणि काही स्वस्त किंवा जुने राउटर बाहेर जाताना ही यादृच्छिक पोर्ट बदलून क्रमाने येणारी पोर्ट लावतात. त्यामुळे अनबाउंडने घेतलेली सारी काळजी वाया जाते. राउटरच्या बाहेरच्या बाजूला टीसीपीडम्प हे पॅकेट पाहण्याचे साधन लावून पोर्टचे आकडे डोळ्यांनी पाहावेत. ते एकापाठोपाठ वाढत असतील, तर रिझॉल्व्हरला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता द्यावा आणि फायरवॉलने बाहेरून येणारे प्रश्न अडवावेत.

आवारातील यंत्रांची नावे कशी ठेवावीत, याबद्दल माझे मत ठाम आहे. ‘डॉट लोकल’ वापरू नये. ते एमडीएनएससाठी (सर्व्हरविना आपापसांत नावे शोधण्याच्या पद्धतीसाठी) राखलेले आहे आणि प्रिंटर-फोन त्यावर आपापसांत बोलत असतात. बाहेर एक झोन आणि आत त्याच नावाचा दुसरा झोन, ही दुहेरी मांडणीही टाळावी, कारण बाहेर जोडलेले प्रत्येक नाव आतही जोडण्याचे लक्षात ठेवावे लागते आणि ते कधीतरी राहतेच. आपल्याच डोमेनखाली ‘आवार’ सारखे एक उपडोमेन आतल्या वापरासाठी ठेवावे, किंवा २०२४ मध्ये इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने खासगी वापरासाठी राखून ठेवलेले ‘डॉट इंटर्नल’ घ्यावे. अनबाउंडमध्ये त्यासाठी ‘स्टब-झोन’ (हे नाव ठरावीक सर्व्हरलाच विचारण्याची सूचना) लिहिल्यावर दोन गोष्टी हमखास अडतात. मूळ डोमेन डीएनएसएसईसीने सही केलेले असेल आणि आतील उपडोमेन नसेल, तर अनबाउंड ते उत्तर बनावट ठरवतो, कारण मूळ डोमेन सहीनिशी सांगते की असे नाव नाहीच. म्हणून त्या उपडोमेनसाठी ‘डोमेन-इन्सिक्युअर’ ची ओळ हवी. दुसरे म्हणजे १० ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यांच्या उलट शोधाला (पत्त्यावरून नाव शोधण्याला) अनबाउंड स्वतःच ‘असे नाव नाही’ असे उत्तर देतो; ते थांबवण्यासाठी त्या झोनला ‘नोडिफॉल्ट’ लावावे लागते.

डीएचसीपीमधून (संगणकांना पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) संगणकांना दोन रिझॉल्व्हरचे पत्ते द्यायचे असतात. तिथे दुसरा पत्ता म्हणून एखादा सार्वजनिक रिझॉल्व्हर लिहू नये. संगणक ‘पहिला बंद पडला तरच दुसरा’ एवढ्या शिस्तीने वागत नाहीत. ते मधूनमधून दुसऱ्यालाही विचारतात आणि मग आतील नावे कधी सापडतात, कधी नाही. दुसरे छोटे यंत्र घेऊन त्यावरही तीच अनबाउंडची मांडणी ठेवणे हाच खरा उपाय आहे. नोंदींबद्दल एक सावधगिरी सांगतो. रिझॉल्व्हरवरील प्रत्येक प्रश्नाची नोंद म्हणजे विद्यार्थी आणि प्राध्यापक काय वाचतात याची वही होय. सर्ट-इनच्या उपरोक्त निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवण्याची अट आहे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही आहे. कोणत्या नोंदी ठेवायच्या, कोणी पाहायच्या आणि कधी पुसायच्या, हे संस्थेने लेखी ठरवावे. ते सर्व्हर सांभाळणाऱ्या एका माणसावर सोडू नये.

डीएनएसएसईसी करावे का? अनबाउंडमध्ये तपासणी चालू ठेवावी. डेबियनवर ती मूळातच चालू असते. डीएनएसच्या मुळाशी असलेल्या रूट झोनवर १५ जुलै २०१० पासून सह्या आहेत आणि तपासणी न करण्याचे कारण आता उरलेले नाही. आपल्या झोनवर सही करण्याचा निर्णय मात्र देखरेखीची व्यवस्था झाल्यावरच घ्यावा. बाईंड ९.१८ मध्ये झोनखाली ‘डीएनएसएसईसी-पॉलिसी डिफॉल्ट’ आणि ‘इनलाइन-सायनिंग येस’ एवढे लिहिले की किल्ली बनवणे, सही करणे आणि सही वेळोवेळी नवी करणे हे सर्व तो स्वतः करतो. डेबियनवर पहिल्याच प्रयत्नात जी परवानगीची चूक दिसते तिचे कारण अॅपआर्मर (प्रोग्रॅमला ठरावीक फाइलींपुरते बांधून ठेवणारी व्यवस्था) असते: बाईंडला ईटीसीखालच्या आपल्या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा नसते, आणि सही केलेली फाइल मूळ फाइलशेजारीच तयार होते. झोन फाइल आणि किल्ल्या ‘वार, लिब, बाईंड’ या मार्गावर हलवाव्यात. अॅपआर्मर बंद करणे हा उपाय नव्हे. अॅपआर्मर चालू असताना क्रूटच्या तुरुंगाची (प्रोग्रॅमला एका फोल्डरात कोंडण्याची) वेगळी खटपट मी आता सुचवत नाही.

झोन सही झाल्यावर लगेच डीएस रेकॉर्ड (आपल्या किल्लीची, वरच्या झोनमध्ये ठेवायची खूण) नोंदणीदाराकडे, म्हणजे डोमेन जिच्याकडे नोंदले त्या कंपनीकडे, देऊ नये. जुनी, सहीविना असलेली उत्तरे जगभरच्या साठ्यांतून निघून जाईपर्यंत थांबावे लागते. बाईंड तोपर्यंत सीडीएस (डीएस देता येईल असे सांगणारे) रेकॉर्ड प्रसिद्ध करत नाही, म्हणून डिग या डीएनएसला प्रश्न विचारण्याच्या आज्ञेने सीडीएस दिसू लागले की डीएस देण्याची वेळ झाली असे समजावे. डीएस वरच्या, म्हणजे ‘डॉट इन’ च्या, झोनमध्ये दिसू लागल्यावर ‘आरएनडीसी डीएनएसएसईसी’ च्या ‘चेकडीएस पब्लिश्ड’ ने बाईंडला तसे कळवावे. मागे फिरताना क्रम उलटा असतो: आधी नोंदणीदाराकडचा डीएस काढायचा, त्याचा टीटीएल (साठ्यात राहण्याची मुदत) संपू द्यायचा, मग पॉलिसी ‘इन्सिक्युअर’ करायची आणि अखेरीस सह्या काढायच्या. नेमसर्व्हर दुसऱ्या पुरवठादाराकडे हलवताना जुना डीएस तसाच राहिला, तर तपासणी करणाऱ्या प्रत्येक रिझॉल्व्हरसाठी संपूर्ण डोमेन नाहीसे होते. सही केलेली डोमेन बंद पडण्याच्या ज्या घटना मी हाताळल्या, त्यांत हे कारण सर्वांत अधिक वेळा आढळले.

आणखी एक बारकावा देखरेखीशी जोडलेला आहे. मूळ पॉलिसीत सही चौदा दिवसांची असते आणि संपण्याच्या पाच दिवस आधी ती नवी केली जाते. मुख्य सर्व्हर नकळत बंद पडला, तर दुय्यम सर्व्हर एसओएतील ‘एक्स्पायर’ मुदतीपर्यंत, म्हणजे बहुधा दोन ते चार आठवडे, उत्तरे देत राहतो. पण त्याच्याकडील सह्या पाचव्या-सहाव्या दिवशीच मुदतबाह्य होऊ लागतात. सहीविना झोनमध्ये जो बिघाड दोन आठवडे खपून जातो, तो इथे आठवड्याच्या आत सर्वांना दिसतो. म्हणून दोन्ही सर्व्हरवरील सिरियल आणि आरआरसिगच्या (सहीच्या रेकॉर्डच्या) मुदतीची तारीख रोज तपासणारी छोटी स्क्रिप्ट बाहेरच्या यंत्रावरून चालवावी आणि चार दिवसांहून कमी मुदत उरल्यास इशारा पाठवावा. बिघाड ओळखण्याची सोपी रीत अशी: डिगला ‘सर्व्हफेल’ (उत्तर मिळवता आले नाही) मिळते, पण ‘सीडी’ (सही तपासू नको) हा झेंडा लावल्यावर उत्तर येते, तर दोष सहीत आहे, दोन्ही वेळा ‘सर्व्हफेल’ आले, तर अन्यत्र शोधावे.

नेमसर्व्हर कितीही बंदिस्त केला तरी नोंदणीदाराकडील खाते सैल असेल तर उपयोग नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे डोमेन पळवले गेले ते नोंदणीदाराच्या एका पुनर्विक्रेत्याच्या लॉगिनमधून; वृत्तपत्राच्या स्वतःच्या सर्व्हरना हातही लागला नव्हता. खात्याला दोन टप्प्यांची ओळख लावावी, डोमेनला हस्तांतर-कुलूप लावावे, आणि खात्याचा ई-मेल पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नये. नाहीतर डोमेन बंद पडताच खाते परत मिळवण्याचा मार्गही बंद होतो. नेमसर्व्हरची नावे आपल्याच डोमेनखाली असल्यास नोंदणीदाराकडे त्यांचे आयपी पत्तेही नोंदलेले असतात. सर्व्हर हलवताना तेही बदलावे लागतात.

सुरक्षा दुरुस्त्यांसाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ चालू ठेवावे. जुलै २०१५ मधील टीकी या संदेश-प्रकाराच्या दोषात एका पॅकेटने बाईंड बंद पाडता येत होता आणि कोणतीही अॅक्सेस यादी त्याला अडवू शकत नव्हती. फेब्रुवारी २०२४ मधील कीट्रॅप हा दोष तपासणी करणाऱ्या रिझॉल्व्हरना गुंतवून ठेवणारा होता आणि त्यात अनबाउंडही सापडला होता. अशा दोषांवर मांडणीचा उपाय नसतो, फक्त नवी आवृत्ती असते.

उभारणी झाल्यावर आवाराबाहेरच्या, म्हणजे मोबाइल जोडणीवरच्या संगणकावरून तपासणी करावी. अधिकृत सर्व्हरला परक्या डोमेनचे नाव विचारल्यास ‘रिफ्यूज्ड’ यायला हवे. संपूर्ण झोन मागितल्यास हस्तांतर नाकारले जायला हवे. आपले नाव यूडीपी आणि टीसीपी अशा दोन्ही मार्गांनी, दोन्ही सर्व्हरकडून, सारखेच यायला हवे. आवारातील रिझॉल्व्हरच्या सार्वजनिक पत्त्याला काहीही विचारले तरी उत्तर येता कामा नये. हीच तपासणी राउटर बदलल्यावर आणि डेबियन १३ वर गेल्यावर पुन्हा करावी. तिथे बाईंड ९.२० येतो आणि हस्तांतराची मूळ निवड बदललेली असल्यामुळे ‘अलाऊ-ट्रान्सफर’ ची ओळ कुठेच लिहायची राहिली असेल, तर दुय्यम सर्व्हरला नवा झोन मिळणे बंद होते आणि ‘एक्स्पायर’ ची मुदत संपेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.